फुशारकी कुणाची

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — का नाही, ते कळेलच तुम्हाला.

आमच्या चऱ्होलीत फुशारकी हा शब्द माझ्यासाठीच राखून ठेवलेला. उगीच नाही, राव. चिंचवडच्या कंपनीत मी पॅकिंगला हेल्पर, खोक्यांना खिळे ठोकायचो — आणि गावात सांगायचो, मशीन चालवतो. लग्नाकार्याला कंपनीचा खाकी शर्ट घालून जायचो, बिल्ल्यासकट. लोक हसायचे, पण ऐकायचेही. मजा वाटायची.

मशीन खरं चालवायचा तो संपत, माझ्याच आळीतला दोस्त. नवं लेथ मशीन आलं तेव्हा साहेबानं पहिल्यांदा त्यालाच उभं केलं त्यावर. तो सांगायचा ते सगळं खरं असायचं. म्हणूनच डोक्यात जायचा माझ्या.

त्या काळी मुलगी द्यायची तर चौकशी गावात कमी आणि कंपनीच्या गेटवर जास्त व्हायची. एकदा शिफ्ट सुटल्यावर तळवड्याच्या एका बाप्यानं मला गाठलं. त्यांची मुलगी संपतला द्यायचं जवळजवळ ठरलेलं. म्हणाले, "मशीनवर हाय म्हणतो. खरं का?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी — मी हसलो. म्हणालो, "पोरगा चांगला आहे. जरा फुशारकी मारतो, एवढंच."

माझ्यासाठी राखलेला शब्द संपतच्या गळ्यात मारला. मग त्यांनी विचारलं, "आन तुमी?" आणखी एक खोटं बोलायची छाती झाली नाही. म्हणालो, "मी साधा हेल्पर. खिळे ठोकतो."

संपतची सोयरीक मोडली. का, ते त्याला कधी कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीच मुलगी मला दिली — पोरगा खरं बोलतो म्हणून. सासरे होते तोवर चारचौघांत सांगायचे, "आमच्या जावयाला फुशारकी म्हाईत न्हाई."

संसार झकास झाला. सुखी आहे मी, त्यात काय लपवायचं? संपतचंही जमलं पुढे, फार उशिरा.

दिवाळीला तो फराळाला येतो. नव्या लेथची गोष्ट हमखास निघते — साहेबानं पहिल्यांदा त्यालाच उभं केलं, ती. बायको चहा घेऊन येता येता माझ्या कानाशी वाकते. हळूच म्हणते, "सुरू झाली भावजींची फुशारकी."

आणि मी हसतो.