बसम्माचं थर्मामीटर

१९७४ साली शुक्रवार पेठेतला माझा दवाखाना जोरात होता. शिवाय आठवड्यातून तीन सकाळी मी मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत हाउसमनांना, म्हणजे नव्या शिकाऊ डॉक्टरांना, शिकवायला जायचो. शिकवायचो कसलं, बोलायचो. प्रश्न विचारायचा, पोरानं तोंड उघडायच्या आत उत्तर आपणच द्यायचं, आणि वर ‘एवढंही येत नाही?’ म्हणून झापायचं. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

तिथं बसम्मा आया होती. अक्कलकोटकडची, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेली. कन्नड बायांचं दुखणं ती मला मराठीत सांगायची, तेही मी अर्धंच ऐकायचो.

त्या वर्षीचा हाउसमन नावानं श्रीमंत, मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, घरातला पहिला डॉक्टर. एका सोमवारी त्यानं राजीनामा माझ्यापुढं ठेवला. “सर, मला न्हाय जमायचं. गावाकडं जातो.”

मी लगेच चिकाटीवर भाषण सुरू केलं.

“डाक्टर, डोळे लाल दिसत्यात. ताप बगू,” म्हणत बसम्मानं थर्मामीटर माझ्या जिभेखाली सारलं. “श्रीमंत डाक्टर, तवर तुमी पेशंट बगा की.”

पेशंट सुंदरम्मा. धाप लागते म्हणून आठवड्यापूर्वी मीच तिला दम्याच्या गोळ्या दिल्या होत्या. मी ‘दमा, दमा’ अशा खुणा करू लागलो, तर बसम्मा म्हणाली, “काच फुटंल.” बसलो मग गप्प.

श्रीमंतनं सावकाश विचारलं, पाय दाबून सूज पाहिली, नळी लावून बराच वेळ ऐकलं. “सर, दमा न्हाय वाटत. हृदयाची झडप बिघडलीय.”

मी थर्मामीटर काढून ऐकलं. आवाज स्पष्ट होता. आठ दिवसांपूर्वीही असणार, पण तेव्हा मी बोलत होतो. लाज वाटली.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हणालो. पुढं बरंच सुचत होतं, पण बसम्मा थर्मामीटर झटकतच उभी होती. श्रीमंतनं राजीनामा उचलून खिशात घातला.

“ताप किती?” मी विचारलं.

“ताप कुटं हाय तुमाला,” बसम्मा म्हणाली.

१९७९ साली ती निवृत्त झाली. निरोपाला मला बोलायला उभं केलं. दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. खास तिच्यासाठी आलेला श्रीमंत शेजारी होता, त्याला बसम्मा हळूच म्हणाली, “शिकले की डाक्टर.”