इरली सरांचा दुपारचा बॅकअप

इरली सर ऑफिसला रोज दोन डबे आणायचे. दोन्हीत तेच. एकात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, असेल तर दुसऱ्यातही चित्रान्न. पहिला जेवायला, आणि दुसरा कशाला, तर पहिला बसमध्ये सांडला तर! तो कधी सांडला नाही. त्यामुळे दुसरा डबा चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांच्या पोटात जायचा. चष्मे दोन, छत्र्या दोन, घराच्या किल्ल्यांचे जुडगेही दोन. काकू गेल्यावर स्वयंपाक तेच करायचे, तरी डबे दोनच राहिले.

त्यांचं खरं आडनाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. इरली म्हणजे कन्नडमध्ये ‘असू दे’. कुणी मोडका माउस टाकायला घेतला की हे खुर्चीतूनच म्हणायचे, "इरली गं, कशाला काढतीस? भाकरी मागतोय काय तो?" घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण एका वाक्यात दोनदा कन्नडमध्ये जाऊन यायची. मी साताऱ्याहून नोकरीला आलेली आणि तोंडाने फटकळ. पहिले काही महिने मला त्यांचं अर्धंच कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर मी वाद घालायची.

आमचं ऑफिस म्हैसूरच्या हेब्बाळला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. शाळा, कॉलेजं, दवाखाने यांच्या वेबसाइट सांभाळायचं काम. सरांचा जीव बॅकअपमध्ये, म्हणजे साइटची जशीच्या तशी दुसरी प्रत काढून ठेवण्यात. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हातून एका शाळेची अख्खी साइट पुसली गेली होती, मुलांच्या फोटोंसकट. मुख्याध्यापक रागावले नाहीत, नुसते बसून राहिले. ते बसणं सर विसरले नव्हते. आम्हाला ते ती गोष्ट परत परत सांगायचे आणि आम्ही आपसांत डोळे फिरवायचो.

बॅकअप आपोआप व्हायला ठेवायचा तो जेवणाच्या वेळेला, हा त्यांचा दंडक. "दुपारी देवळाचं दारसुद्धा बंद असतंय. साइट कोण उघडतंय, अल्वा?" असं विचारायचे, अल्वा म्हणजे ‘नाही का’. जुन्या काळी ते खरंही होतं. आता लोक जेवता जेवता मोबाइलवर फॉर्म भरतात. त्याच वेळी सगळ्या साइटची प्रत निघू लागली की सर्व्हरला धाप लागते आणि फॉर्म अर्ध्यात अडकतो. हे आम्ही सरांना पटवून दिलं होतं. सगळे बॅकअप पहाटेवर नेले तेही त्यांनीच, स्वतः बसून.

यंदा मुलींच्या एका कॉलेजचे प्रवेश सुरू झाले आणि त्यांची साइट दुपारी बंद पडू लागली. बघितलं तर दुपारचा एक बॅकअप लागलेला. कुणी लावला, कुणाला ठाऊक नाही. सरांनी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत हजर! मॅनेजर म्हणाले बाहेरचा कुणीतरी आत शिरतोय. सरांनी सगळे पासवर्ड बदलले. तरी परत. बन्नूरहून एका मुलीच्या वडिलांचे फोन येऊ लागले. लेकीचा फॉर्म जात नाही, मुदत संपत आलीय, वर्ष वाया गेलं तर तुम्ही देणार का भरून, असं विचारायचे. मॅनेजरांनी सांगून टाकलं की हे करणारा सापडला तर त्याला दारात उभं करणार नाही.

त्या दिवशी मी जेवायला खाली गेले नाही. चोर पकडायचाच म्हणून ताट जागेवरच मांडलं. शेजारी सर जेवले, हात धुऊन आले, चष्मा लावला. सकाळीच तो बॅकअप त्यांनी माझ्यासमोर काढून टाकला होता. कॉलेजची साइट उघडून ते म्हणाले, "अगं, ह्याचा बॅकअपच कुणी लावलेला नाही की. काय पोरं आहात! थांब, मी लावून टाकतो." आणि लावला. भराभर, एकही चूक न करता. चेहऱ्यावर समाधान होतं, आपण वेळेवर बघितलं म्हणून.

थोड्या वेळात साइट बंद पडली आणि बन्नूरचा फोन आला. तो सरांनीच घेतला, त्या वडिलांची मनापासून माफी मागितली. फोन ठेवून मला म्हणाले, "कोण करतंय गं हे? लेकराचं वर्ष आहे ते."

"बघते, सर," मी म्हणाले. मला रडू वगैरे काही आलं नाही. ताटातला भात तसाच गार झाला आणि मी तो गारच खाल्ला.

पुढे रोज ते लावायचे आणि त्यांची पाठ वळली की मी काढायची. बन्नूरच्या मुलीचा फॉर्म त्यातच एका दुपारी गेला. सरांची लेक टी. नरसीपूरला असते, तिला मी फोन केला. ती म्हणाली, घरी गॅस चालूच सोडतात ते मला कळलं होतं, ऑफिसात तरी ठीक असतील असं वाटत होतं. मग एका दुपारी मी मीटिंगमध्ये अडकले आणि साइट परत बसली. मॅनेजर आता छडा लावणारच होते. त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा म्हणून मी सरांना गच्चीवर नेलं आणि सरळ सांगितलं. फटकळ तोंडाचा तेवढाच काय तो उपयोग.

ते वाद घालतील, चिडतील असं मला वाटलं होतं. ते खालच्या रस्त्यावर कंपनीच्या बस वळताना बघत राहिले. मग म्हणाले, "माझं नाव काढ त्यातनं."

"सर, नुसतं बंद करून ठेवते."

"नको. काढ."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘काढ’ मी पहिल्यांदा ऐकलं. खाली आलो, सर्व्हरवर शिरता येणाऱ्यांच्या यादीतून मी त्यांचं नाव काढलं, ते शेजारी उभे राहून बघत होते. मॅनेजरांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. महिनाअखेर लेक येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना दुसरा डबा माझ्या टेबलावर राहिला.

नरसीपूरला गेल्यावर त्यांचा रोज फोन यायचा, जेवणानंतर. "अगं, त्या कॉलेजचा बॅकअप लावलायस काय?" मी म्हणायची, "लावलाय, सर." "आयतु, झालं तर. इरली मग," म्हणून ठेवायचे. कधी लगेच परत करायचे. मीही परत तेच सांगायची. 

गेल्या आठवड्यापासून त्यांचा फोन येणं बंद झालंय. काल जेवण झाल्यावर मीच लावला. लेकीने उचलला. म्हणाली, बरे आहेत, नुसते बसून असतात, आता काही विचारत नाहीत.

"त्यांच्या कानाला लावता का जरा?" मी म्हणाले.

तिने लावला असावा. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"लावलाय, सर," मी सांगितलं.