पहिला घास कुणाचा

समस्त खानदेशाला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, धुळ्याजवळच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या आश्रमात मागच्या हिवाळ्यात जेवणावरून भयंकर तंटा पेटला होता आणि निवाड्यासाठी मला, म्हणजे साध्या गिरणीवालीला, बोलावण्यात आलं होतं.

खरं सांगायचं तर मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण पोचवायला गेले होते. पण कुणी मध्ये पडायला सांगितलं की मला राहवत नाही.

तंटा असा. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना या सिस्टर सांभाळतात. त्यांचा नियम म्हणजे नियम. आधी म्हातारी माणसं जेवणार, शेवटचं ताट उठलं की मगच सिस्टर बसणार. आणि नव्यानं आलेल्या अक्का म्हणत होत्या, "घरना बठ्ठा जेवल्याशिवाय बाई जेवस का कधी? तुम्ही जेवा पहिले."

झालं! अक्का सिस्टरांसाठी थांबल्या, सिस्टर अक्कांसाठी. अक्का नुसत्या चहावर होत्या आणि त्या सकाळी भिंत धरून खालीच बसल्या. आज पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावू, असं डॉक्टर सांगून गेले होते.

मी केरळच्या मोठ्या सिस्टरना बाजूला घेतलं. "सांगून टाका ना, जेवलो म्हणून!"

"ताई, खोटं कसं बोलायचं?" त्या म्हणाल्या. भूक त्यांच्याही चेहऱ्यावर दिसत होती.

मग मी पदर खोचला. दोघींना समोरासमोर बसवलं, मध्ये वांग्याची भाजी ठेवली आणि पंचासारखी ओरडले, "तीन म्हटलं की दोघींनी एकदम खायचं! एक, दोन, तीन!"

दोघींचे घास ओठांपाशी जाऊन थांबले. दोघी डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं जपमाळ ओढत जन्म काढलेला, दुसरीनं चूल फुंकत, आणि लबाडी मात्र अगदी सारखी!

"असं काय?" मी म्हटलं. "मग लग्नातल्यासारखं करा. सिस्टर, तुम्ही अक्कांना भरवा. अक्का, तुम्ही सिस्टरला."

अक्का पदराआड हसायला लागल्या. "या वयमा लगीन लावस का वं मन्हं?"

"लावते! हात पुढे करा."

स्वयंपाकघरातल्या सिस्टर तव्यावरची भाकरी घेऊन धावत आल्या. फुगलेली, वाफाळती. मोठ्या सिस्टरनी ती मोडली, बोटं भाजली म्हणून फुंकर घातली आणि घास पुढे केला. अक्कांनीही केला. दोन्ही तोंडं एकदम उघडली आणि एकदम मिटली.

मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात अक्का चावता चावता थांबल्या. डोळे मोठे झाले. मी पाण्याचा तांब्या उचलला. ठसका लागला की काय?

अक्कांनी गाल चाचपला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माय वं! गरम भाकर अशी लागस?"