एकशे सोळा गोण्या आणि एक झांज

नसरीनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दुबईचा नंबर दिसला की मी आधी स्पीकर लावून फोन लांब ठेवायची, कारण युसुफभाई फोनवर नेहमी खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक मारावी तसे बोलायचे. या वेळी पलीकडे त्यांची लेक होती आणि ती फार हळू बोलत होती. "आंटी, बाबा गेले. पहाटे फजरची नमाज पढून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुपारी दफन पण झालं." मी जन्मभर नर्स होते. अशा वेळी काय बोलायचं ते मला तोंडपाठ असायला हवं. मी विचारलं, "किती वाजता?" जणू मला चार्टवर लिहायचं होतं. फोन ठेवल्यावर उरलेली मेथी निवडली, भाजी केली आणि मग पानावर बसल्यावर रडू आलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

युसुफभाई माझ्या नात्यातले नव्हते. ते दाभोळकडचे कोकणी मुसलमान, मी नगरची ख्रिश्चन. साठच्या दशकात आम्ही दोघंही पोटासाठी दुबईला गेलो. आज ज्याला यूएई म्हणतात तो देश तेव्हा जन्मायचा होता. गगनचुंबी सोडाच, दोन मजली घरही लोक मान वर करून बघत. मी एका दवाखान्यात नर्स, ते खाडीवर टॅली क्लार्क. म्हणजे मुंबईहून आलेल्या गलबतांतून गोण्या उतरायला लागल्या की फळीशी उभं राहून एकेक गोणी मोजायची आणि शेवटी आकडा सांगायचा. युसुफभाईंनी सांगितलेला आकडा पुन्हा कुणी मोजत नसे. अरब व्यापारीही नाही, गुजराती शेठही नाही.

आणि होता आमचा ऑर्केस्ट्रा. चर्चमधल्या इटालियन फादरनी नाताळच्या गाण्यांसाठी तीन व्हायोलिनं आणि एक पायपेटी जमवली, तिथून सुरुवात. मिशनच्या बोर्डिंगात मी व्हायोलिन शिकले होते, म्हणून मला ओढलं. मग कुणी हॉटेलातला गोव्याचा ट्रम्पेटवाला आला, कुणी एअरलाइनचा इंग्रज आला, एक लेबनीज डॉक्टर बासरी घेऊन आला. हौशी मंडळी सगळी, एकही धड शिकलेला नाही. त्यात एका शिपिंग कंपनीत हिशेब लिहिणारे लोबो मास्तर कंडक्टर झाले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण सिंफनी वाजवायची. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी दुपारी तालीम. दमट हवेनं वाद्यांचे सांधे सुटायचे, तारा तुटायच्या, घामानं बोटं घसरायची. तरी वर्षभरात खुर्च्या कमी पडायला लागल्या आणि फादर लोकांच्या घरून खुर्च्या मागून आणायला लागले.

एका शुक्रवारी आमचा पहिला चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, मुंबईहून आला. खोका पोचवायला स्वतः युसुफभाई आले, कारण कागदावर सही लागणार होती. आमची तालीम चालू होती आणि झांजा वाजवणारा इंग्रज पुन्हा पुन्हा चुकीच्या जागी वाजवत होता. त्याचं काम वरवर सोपं. पाश्चात्य संगीतात सुरावट छोट्या छोट्या मापांत विभागलेली असते, त्या एका मापाला बार म्हणतात. आमच्या सिंफनीच्या संथ भागात झांजवाल्यानं एकशे सोळा बार गप्प बसायचं आणि मग एकदाच, पूर्ण ताकदीनं, झांज वाजवायची. पण एवढं मोजत गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही. लोबो मास्तर "एकशे सोळा, एकशे सोळा" म्हणून ओरडत होते, इंग्रज लाल झाला होता. दारात कागद धरून उभे असलेले युसुफभाई जवळच्या खुर्चीवर बसलेल्या आणि दवाखान्यामुळे ओळखीच्या मला मराठीत म्हणाले, "सिस्टर, हा साहेब तीन गोण्या आधी वाजवतो."

मी हसले, पण मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी तो भाग पुन्हा घेतला आणि युसुफभाईंना बोट वर करायला सांगितलं. बोट वर झालं ते अगदी जागेवर. इंग्रजाची दोन महिन्यांत बदली झाली आणि झांजा युसुफभाईंच्या हातात आल्या. त्यांनी अट घातली की चर्चच्या प्रार्थनेत वाजवणार नाही, फक्त हॉलमध्ये. फादर म्हणाले, कबूल. ते राहायचे त्या खोलीत आठ कोकणी माणसं, त्यातले दोघे वडीलधारे काही दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "मी नमाज सोडली का? मग झालं तर," एवढंच युसुफभाई म्हणायचे.

नोटेशन त्यांना शेवटपर्यंत वाचता आलं नाही. ते मोजायचे तसबीहवर. तेहतीस मण्यांच्या तीन फेऱ्या आणि वर सतरा. शेवटच्या सहा गोण्या उरल्या की तसबीह खिशात जायची आणि झांजा हातात यायच्या. मी एकदा चिडवलं, "जपाच्या माळेवर गाणं मोजता, चालतं का हो तुमच्यात?" ते शांतपणे म्हणाले, "मी कुठं नुसतं मोजतो, सिस्टर? दर गोणीला एक सुभानल्ला म्हणतो. वाया काही जात नाही."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर माझ्या मुलांनाही सांगितलेलं नाही. आमचा पहिला मोठा कार्यक्रम हिवाळ्यातल्या एका दुपारी होता. सूर्यास्ताच्या आत संपवायचं ठरलं होतं, पण मोठे पाहुणे यायला उशीर झाला. युसुफभाई घाईघाईनं माझ्याकडे आले. मास्तर पाहुण्यांत अडकले होते, आणि तसाही युसुफभाईंचा निरोप नेहमी माझ्यामार्फतच जायचा. "सिस्टर, सिंफनीच्या मध्येच बांग होणार बघा. बांग चालू असताना मी मणी सरकवणार नाही, तेव्हा फक्त बांगेचे शब्द मनात म्हणत तिला जवाब द्यायचा असतो. मास्तरांना सांगा, तेवढं दोन-तीन मिनिटं सगळ्यांनी थांबावं. नाहीतर आधीचा छोटा तुकडा गाळा, म्हणजे त्याआधीच खलास होईल." त्या छोट्या तुकड्यात माझे एकटीचे चार बार होते. चारच. पण तीन महिने मी त्यांच्यासाठी झोप मोडून सराव केला होता, नवी साडी घेतली होती. मास्तर तुकडाच गाळतील हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मास्तरांकडे गेले, पाण्याचा ग्लास देऊन परत आले आणि युसुफभाईंना म्हटलं, "सांगितलं. थांबणार आहेत."

माझे चार बार झाले, टाळ्याही मिळाल्या. मग सिंफनी सुरू झाली आणि संथ भागाच्या मध्यावर बाहेरून बांग ऐकू आली. मी तिरप्या नजरेनं पाहिलं. युसुफभाईंच्या बोटांतला मणी थांबला होता आणि ते लोबो मास्तरांकडे पाहत होते, आता थांबतील, आता थांबतील म्हणून. मास्तर थांबले नाहीत. युसुफभाईंनी डोळे मिटले, बांगेला जवाब दिला आणि ती संपल्यावर जिथे मणी थांबला होता तिथून पुढे मोजायला लागले. झांजेची जागा आली, आणि सुनी गेली. आम्ही पुढे गेलो, सूर हळूहळू विझत आले, शेवटचा सूर विरला... आणि त्या शांततेत युसुफभाईंची एकशे सोळावी गोणी उतरली. पूर्ण ताकदीनं. पाहुण्यांना वाटलं हाच शेवट, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काही जण हसले.

कार्यक्रमानंतर मास्तर फारसे ओरडलेही नाहीत, ते जास्त वाईट होतं. "युसुफभाई, आपका गिनती तो कभी नहीं चुकता. आज क्या हुआ?" युसुफभाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी व्हायोलिन पेटीत ठेवत होते, ती पेटी मी किती वेळ बंद करत होते देव जाणे. ते म्हणाले, "चुक गया, मास्टर. माफ करो." झांजा कापडात गुंडाळून खुर्चीवर ठेवल्या आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दवाखान्यात बोट चेपून आलेल्या एका हमालानं मला हसत सांगितलं की खाडीवर हल्ली युसुफभाईंनी आकडा सांगितला की कुणीतरी तोंडानं झांज वाजवतं. त्यांच्याकडे जगात एकच गोष्ट होती, मोजणीतलं नाव, आणि ते मी माझ्या चार बारांसाठी घालवलं होतं. चौथ्या शुक्रवारी मी तालमीला जाण्याआधी खाडीवर गेले. गलबत रिकामं होत होतं. त्यांनी मला पाहिलं, पण मोजणी मोडली नाही. मला उन्हात तासभर उभं केलं. शेवटची गोणी उतरल्यावर ते वळले. मी म्हटलं, "मी मास्तरांना सांगितलंच नव्हतं, युसुफभाई."

"ठाऊक आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. "तुमचे ते चार बार फार छान वाजले होते, सिस्टर." मग म्हणाले, "पण मला सांगून काय फायदा? ज्याला सांगायचं होतं त्याला सांगा."

मी त्याच दुपारी सांगितलं, सगळ्यांसमोर. लोबो मास्तरांनी मला पुढच्या रांगेतून शेवटच्या खुर्चीवर पाठवलं आणि मी तिथे दुबई सोडेपर्यंत बसले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग मास्तर स्वतः खाडीवर गेले आणि युसुफभाईंना, सगळ्या हमालांच्या देखत, गिनती त्यांची चुकली नव्हती असं सांगून, घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या ऑर्केस्ट्राचा नियमच झाला. बांग सुरू झाली की जिथे असू तिथे व्हायोलिनच्या धनुकल्या मांडीवर. ती संपली की मास्तर हात उचलायचे आणि आम्ही त्याच बारपासून पुढे. माणसं वाढत गेली, कुठल्या कुठल्या देशांतली, वाद्यं वाढली, पहिल्या फादरच्या जागी दुसरे आले. नवीन येणाऱ्याला सूर लावण्याआधी हा नियम शिकवला जायचा. तो का पडला हे मात्र पुढे कुणाला माहीत नसे, आणि युसुफभाईंनी कधी सांगितलं नाही.

आमची शेवटची भेट तीन वर्षांपूर्वीची. भाचीकडे दुबई मरीनाला गेले होते, तिथून त्यांना भेटायला जुमेरा लेक टॉवर्समध्ये नसरीनच्या घरी गेले. एकतिसाव्या मजल्यावर, जाड काचांच्या आत. आम्ही चहा पीत लोबो मास्तरांच्या नकला करत होतो, तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून बांग सुरू झाली. युसुफभाई वाक्याच्या मध्येच थांबले. मीही कप खाली ठेवून हात मांडीवर घेतले. नातू म्हणाला, "नाना, इट्स ओन्ली द फोन." बांग संपल्यावर युसुफभाईंनी ते वाक्य अडलं होतं त्याच शब्दापासून पुढे नेलं आणि माझ्याकडे बघून हसले. निघताना मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत येते. "इन्शाल्ला," ते म्हणाले. मी गेले नाही. गुडघे, व्हिसा, हे आणि ते...

गेल्या आठवड्यात नसरीननं कुणाबरोबर तरी एक लहान डबी पाठवली. आत ती तसबीह होती, मणी झिजून गुळगुळीत झालेले. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाबा सांगून गेले, ही सिस्टरना दे. त्यांची गिनती कच्ची आहे." मी हसले.

आमच्या प्रोटेस्टंट पंथात अशी माळ जपत नाहीत. मी ती म्युझिक स्टँडच्या खिळ्याला अडकवली आहे. काल संध्याकाळी खिडकीशी बसून त्या संथ भागातला माझा जुना सूर काढला. बोटं आता नीट वळत नाहीत, जमेल तसं वाजवत गेले आणि मनात मोजत गेले. मध्येच आमच्या गल्लीपलीकडच्या मशिदीतून बांग सुरू झाली. धनुकली मांडीवर ठेवली. संपल्यावर त्याच बारपासून पुढे निघाले. एकशे सोळा झाले तेव्हा हात आपोआप थांबला आणि झांजेची ती एक जागा मी पूर्ण रिकामी ठेवली. गिनती बरोबर होती, युसुफभाई.