गुळव्याचे हात

मंडळी, बावड्याच्या गुऱ्हाळावरून नव्या एस.टी.नं आत्ताच इंदापुरात उतरलो आणि थेट वाचनालयाच्या या फळ्यापाशी आलो.

काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस रटरटत होता. पाक झाला का, हे गुळव्या पाण्यात त्याची गोळी वळून ठरवतो. पण आमच्या धोंडीतात्या गुळव्यांची तंबाखू सकाळीच संपलेली. बोटं अशी थरथरत होती की गोळी वळेना. काहील उतरवायला माणसं दांडे धरून उभी. जरा उशीर झाला की सगळा गूळ करपणार.

"तात्या, उतरवायची का?"

"मला काय कळंना झालंय! आदी तंबाखू द्या कुनीतरी!"

मी गडबडीत माझी चंची त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती नुसती मुठीत दाबली आणि थरथर थांबली. गोळी वळली.

"उतरवा!"

गूळ वाचला. मग तात्यांनी चंची उघडली. आत तंबाखूची काडीसुद्धा नव्हती. ती रिकामी आहे, हे गडबडीत माझ्याही ध्यानात नव्हतं.

मग हात थांबले कशानं? आता मिळणार, एवढ्यानंच? खडू इथंच ठेवतोय, तुम्हाला काय वाटतं ते खाली लिहा.

हे लिहितानाही माझा हात सारखा खिशाकडं जातोय. चंची रिकामी आहे, हे पक्कं ठाऊक असून.