बांबूवरचा मोबाईल

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर भरवसा ठेवणारा माणूस नाही. चंद्रपूरला आमच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचं म्हणणं एकच – बंद पडलं म्हणजे आत काहीतरी कारण असणारच, उघडून पाहा. मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो तोही हीच सवय घेऊन. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली... उघडून पाहिलं, पण कारण काही सापडलं नाही.

दोन हजार सात-आठची गोष्ट. साधे बटणांचे फोन होते. नागपूरच्या एका छोट्या कंपनीने मला अहेरीला पाठवलं. आतल्या गावांतल्या आरोग्यसेविकांनी तापाच्या रुग्णाची माहिती मोबाईलमध्ये भरायची आणि ती सर्व्हरवर जायची, एवढंच माझं ॲप्लिकेशन. आठवडी बाजाराच्या मागे मी एक खोली घेतली. अम्मी-अब्बा दोघंही तोवर गेले होते, चंद्रपूरच्या घराला कुलूप. अहेरीत ओळखीचं कोणी नाही. कधीकधी दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

माहिती पाठवायला एखादी तयार एचटीटीपी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला कोड, निवडायची होती. दोन हाताशी होत्या. एक हलकी – एकदा पाठवून पाहणार, नाही गेलं तर ‘अयशस्वी’ लिहून मोकळी. दुसरी जड – नाही गेलं तर जपून ठेवणार आणि पुन्हा पुन्हा पाठवत राहणार. पण त्या फोनची मेमरी ती केवढी! जड टाकली की फोन हँग. माझा कल हलकीकडे होता, आणि कंपनीला तर घाईच होती.

चाचणीसाठी सुमनबाईंच्या गावी गेलो. बाई तिथल्या आरोग्यसेविका, वयाने माझ्या आईएवढ्या. गावात नेटवर्क नव्हतं. बाहेरच्या टेकाडावर एक मोहाचं झाड, तिथे मिळायचं – तेही उंचावर. तिथल्या लोकांनी त्यावर तोड काढली होती. लांब बांबूच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. बटण दाबायचं, फोन पिशवीत टाकायचा आणि बांबू उभा करायचा. जरा वेळाने खाली घेऊन पाहायचं.

बाईंनी बांबू खाली घेतला. अयशस्वी. पुन्हा केलं. अयशस्वी.

“बांबू वर जाईपर्यंत तुमचं हे हात टेकते जी,” बाई म्हणाल्या. “एकदाच काऊन पाठवते?”

“दुसरी आहे, पण जड आहे बाई. फोन बंद पडतो.”

“मंग इथी तापानं पडलेल्या मानसाचं का? कोनाले कळन?”

जड लायब्ररी छाटून पाहतो म्हणालो आणि त्यांच्या फोनमध्ये तूर्त हलकीच ठेवली. परतताना बाई प्रत्येक दारात थांबत होत्या. “ताप कोनाले हाय का जी?” आतून “नाई बाई” आलं की पुढे. त्यांची ती रोजची फेरी. शेवटच्या घराशी त्यांनी सहज विचारलं, “भाऊ, अहेरीले तुमच्या दारात कोन इचारते?”

मी हसून म्हणालो, “माझं कोणी नाही बाई.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला थंडी वाजून आली. वाटलं, थकवा असेल. मग असा ताप चढला की उठवेना. त्यातच गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळालेला, वीज नाही, फोन केव्हाच बंद पडलेला. माठातलं पाणी संपलं. बाजाराच्या दिवशी माणसं माझ्या भिंतीला घासून जात होती. मी हाक मारत होतो, पण ती माझी मलाच ऐकू येत नव्हती. इथे मेलो तर वास सुटल्यावरच लोकांना कळेल, हा विचार आला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

भर दुपारी दार वाजलं. बाहेरून आवाज आला, “ताप कोनाले हाय का जी?”

सुमनबाई होत्या. बसने आलेल्या. दाराची कडी मी कधीची लावलीच नव्हती. त्यांनी पाणी पाजलं, रिक्षा आणवली, दवाखान्यात घातलं. मेंदूत जाणारा मलेरिया निघाला. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस गेला असता तर कठीण होतं.

जरा शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमीच तं पाठवलं ना मोबाईलवर!” बाईंनी फोन पुढे केला. सकाळी एका पोराची माहिती पाठवायला त्यांनी बांबू वर केला, खाली घेतला, तर स्क्रीनवर ही नोंद. माझं नाव. ताप – हो. घरात माणसं – एक. पत्ता – बाजाराच्या मागं, निळं दार.

मी खोलीचा पत्ता त्यांना कधीच सांगितला नव्हता. तेही एक वेळ सोडा. त्या ॲप्लिकेशनमधून माहिती फक्त जायची. यायची सोयच मी केली नव्हती! सर्व्हर नंतर नीट तपासला, त्यावर माझ्या नावाचं काही नाही. बाईंच्या फोनचा कोड ओळ न् ओळ वाचला. तीच हलकी लायब्ररी, एका प्रयत्नात हात टेकणारी.

आणि शेवटचा रकाना – ‘खबर कोणी दिली’. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही, मीच तसं बांधलं होतं. माझ्या नोंदीत तो रिकामा होता.

पुढे मी जड लायब्ररीच घेतली. रंगीत चित्रं, मेनू, सगळं काढून टाकलं आणि ती कशीबशी बसवली. कंपनी कुरकुरली, कुरकुरू दे. त्या रिकाम्या रकान्याचं काय, ते मात्र मला आजही सांगता येत नाही. बरोबरच्या इंजिनियरांना सांगितलं की ते तापाच्या भ्रमावर घालवतात. पण ताप मला होता, बाईंना नव्हता.

दवाखान्यातून निघताना बाईंनी माझी पिशवी उचलली. थोडं चालल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “तुमचं कोनी नाई म्हन्ले होते ना भाऊ?”