नर्मदाबाईंच्या विनोदाआड काय आहे

नर्मदाबाई सुरवाडे निवृत्त होईपर्यंत दोंडाईच्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं, एवढंच खरं तर त्यांचं काम. पण लोक त्या खिडकीत गाडी सोडून बाकी सगळं विचारायचे. दाताचा डॉक्टर कुठे बसतो, आज बाजार आहे का, माझा नवरा इकडून गेला का. एकदा एकाने विचारलं, "बाई, गाडी लागस का?" बाईंनी गंमत केली, "कोनाले?" तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, "माले नही लागस, मनी बायकोले लागस." त्या दिवसापासून आपण लिहायला लागलो, असं बाई सांगतात. खरं असेलच असं नाही, पण त्या सांगतात छान.

विनोदी लेखकाने स्वतःच्या विनोदाला हसू नये म्हणतात. नर्मदाबाई सगळ्यांच्या आधी हसतात आणि सगळ्यांच्या नंतर थांबतात. आता त्या धुळ्याला देवपुरात मुलीकडे, संघमित्राकडे राहतात. खिडकीतल्या आठवणींचं त्यांचं एकुलतं एक पुस्तक यंदा एका मोठ्या साहित्य पुरस्काराच्या शेवटच्या यादीत आलं आणि तीन परीक्षकांपैकी एक मी होतो. दोंडाईच्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी वर्षानुवर्षं त्याच स्टँडवर उतरलो, त्यामुळे बाईंची ओळख जुनी. परीक्षकाने ओळखीच्या लेखकाला मत देऊ नये हे मलाही कळतं, पण खानदेशात अनोळखी लेखक आणायचा कुठून?

बैठक जळगावला झाली. अध्यक्ष मोतीलालजी, म्हणजे मोठे समीक्षक. त्यांनी लेखकाची पाठ थोपटली तरी त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "पुस्तक चांगलंच आहे हो. पण हा मोठा पुरस्कार. उद्या लोक म्हणतील, हसवलं म्हणून दिला."

"रडवलं म्हणून दिला तर चालतो ना?" मी म्हणालो. माझं डोकं तापायला जळगावचं ऊन लागत नाही.

तिसऱ्या परीक्षक दीपमालाबाई कादंबरीकार आहेत, समंजस आहेत. त्यांनी तोड काढली. मानपत्रात लिहायचं, 'नर्मदाबाईंच्या विनोदाच्या आडून उपेक्षितांची वेदना पाझरते.' हे ऐकून मोतीलालजींचा चेहरा उजळला. वेदना निघाली म्हणजे पुरस्काराला वजन आलं. मीही मान डोलावली. म्हटलं, पुरस्कार तर मिळतोय, एका वाक्याचं काय घेऊन बसायचं.

मानपत्राचा कागद घेऊन मी देवपुरात गेलो. बाईंना पुरस्कार हवाच होता आणि तो हवा असल्याचं त्या लपवतही नव्हत्या. निवड कळल्या दिवशीच साडी घेऊन झाली होती. दोंडाईच्याचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर कार्यक्रमाला येणार असं ठरलं होतं. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"भाऊ, हाई 'आडून' काय शे?"

"मानपत्रात लिहितात तसं," मी म्हणालो.

बाई चिडल्या की अहिराणी सोडून माइकवरच्या शुद्ध मराठीत बोलतात. तशा बोलू लागल्या. "आमच्या समाजातल्या बाईनं पुस्तक लिहिलं की तुम्ही लोक आधी रुमाल काढता आणि मग पान उघडता. आमच्या घरात कोणी हसत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझे वडील दिवसभर विटा वाहून यायचे आणि जेवताना आम्हाला इतकं हसवायचे की घास अडकायचा. ते हसणं कशाच्या आडचं नव्हतं. दुःख मी पाहिलेलं आहे. ते लिहायचं असतं तर समोरून लिहिलं असतं, आडून कशाला लिहू? ते वाक्य काढा, नाहीतर पुरस्कार राहू द्या."

"आई, घे ना मुकाट्यानं," संघमित्रा म्हणाली. "एवढी साडी घेतलीस."

"साडी घरीबी नेसता येस," बाई म्हणाल्या. मी कागदाची घडी करून खिशात घातली. बाई बोलल्या त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जळगावात, मेहरूणला मोतीलालजींच्या घरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते वाक्य काढलं तर उरतं काय?"

"पुस्तक उरतं," मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी रूपावहिनी थबकल्या. "ते गाड्यांचं पुस्तक का? अहो, हे वाचताना एकटेच हसत होते. बरं आहे ना, म्हणून मी स्वयंपाकघरातून दोनदा येऊन पाहून गेले."

मोतीलालजी कसनुसे झाले. बशीतला चहा फुंकू लागले. मग म्हणाले, "हसलो, म्हणून तर शंका आली."

रूपावहिनी आणि मी हसायला लागलो. मोतीलालजी हसले नाहीत. "मानपत्र मी नव्याने लिहितो," म्हणाले, "पण आधी कोणाला दाखवणार नाही." ते असं म्हणाले की मग त्यांना कोणी काही विचारू शकत नाही.

मी बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, येते, पण ते वाक्य कानावर पडलं तर तशीच उठून जाईन. त्या बोलल्या की करतात, हे अख्ख्या दोंडाईच्याला ठाऊक आहे.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. निम्मी गर्दी एसटीवाल्यांची. बाई नव्या साडीत स्टेजवर बसल्या होत्या. मोतीलालजी उभे राहिले आणि शोकसभेत शोभेल अशा आवाजात मानपत्र वाचू लागले. नाव, गाव, नोकरी झाली. मग आलं, "नर्मदाबाईंच्या विनोदाच्या आड..." आणि ते पान उलटायला थांबले. बाईंनी खुर्चीखाली सारलेल्या चपला पायाने ओढून घेतल्या.

"...काहीही दडलेलं नाही. आम्ही कसून शोधलं. शोधताना फार हसलो. त्यासाठीच हा पुरस्कार."

हॉल हसला. मोतीलालजी दचकले. आयुष्यभर एवढी भाषणं केली, पण त्यांच्या वाक्याला कोणी हसल्याचं मला तरी आठवत नाही. काही चुकीचं वाचलं की काय म्हणून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग तीच चार वाक्यं पुन्हा वाचली, या खेपेला जरा सावकाश, चवीने. आणि नर्मदाबाई इतक्या हसल्या की मानपत्र घ्यायला त्यांना उठताच येईना.